सहीपुरतं पेन

“ह्ये मला नगं. पारोशा भांड्यावानी दिसतंय.”

हौसाबाईंनी माझं सगळ्यात चांगलं पेन टेबलावर परत ठेवलं आणि बोटं पदराला पुसली. पेन तांब्याचं होतं. कित्येक महिने स्वतः वापरून मी त्याला तपकिरी-जांभळट रंग आणला होता. आमच्या धंद्यात त्याला पॅटिना म्हणतात. उघड्या तांब्या-पितळेला हवा आणि हाताचा घाम लागत गेला की धातूवर असा पातळ थर चढतो. प्रत्येकाच्या हाताचा रंग वेगळा. हिंजवडीचे आयटीवाले याच रंगासाठी माझ्याकडे येतात. “मॅडम, नवीन असलं तरी जुनं दिसलं पाहिजे,” म्हणतात. हौसाबाईंच्या गावात मात्र काळवंडलेला तांब्या दिसला की त्या घरातल्या बायकांचा उद्धार होतो.

“मावशी, दिसण्यावर जाऊ नका. लिहून बघा,” मी म्हटलं.

“लिवायलाच आलीया,” त्या म्हणाल्या. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता. तो तिथेही थरथरत होता.

उरवड्यात माझी छोटी शेड आहे. त्याआधी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला होते. मशीनमधून आलेला पार्ट मोजायचा आणि मापात नसेल तर रिजेक्ट करायचा, एवढंच काम. ते इतकी वर्षं केलं की घरी पोळीचीही जाडी नजरेने मोजायला लागले. कंपनी इथून हलली तेव्हा मी हलले नाही. धातू फिरवून कापायचा एक जुना लेथ घेतला आणि तांब्या-पितळेची पेनं करायला लागले. मंगल माझ्याकडे बफिंग आणि पॅकिंग बघते. बफिंग म्हणजे फिरत्या कापडी चाकावर धातू चमकवणं. हौसाबाई मंगलची आई. घोटावड्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला त्यांचं घर आहे.

मंगल एकुलती एक. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली. घर आणि घराखालचं भातखाचर हौसाबाईंच्या नावावर होतं आणि ते त्यांना जिवंतपणीच लेकीच्या नावे करायचं होतं. त्याला बक्षीसपत्र लागतं, म्हणजे आपली मालमत्ता आपण राजीखुशीने दुसऱ्याला दिली असा नोंदणी केलेला दस्त. पौडच्या वकिलांनी मसुदा करून ठेवला होता. हौसाबाईंचा हात बघून ते म्हणाले, “आजी, अंगठा चालेल.” त्यावर आजी उठून घरी निघून गेल्या.

मीही मंगलला तेच सांगितलं होतं, की अगं, कायद्याला अंगठा चालतो. ते आईच्या कानावर गेलं असावं.

“कायद्याला चालतुया,” हौसाबाई मला म्हणाल्या, “भावकीला चालत न्हाई. उद्या म्हनतील, म्हातारीला काय कळत हुतं? झोपेत धरला अंगठा अन् उमटवला. मंग हिला बाहेर काढायला किती येळ? अंगठा दुसऱ्याला धरून उमटवता येतो. सही येती का?”

मंगल पहिलीत गेली तेव्हा तिच्याच पाटीवर हौसाबाई सही शिकल्या होत्या. पुढे बचत गटाच्या अध्यक्ष होत्या तेव्हा बँकेत जाऊन झोकात सही करायच्या. मग हात थरथरायला लागला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी थरथर कमी झाली, गेली नाही. जड पेन वापरून बघा, असं डॉक्टरच म्हणाले. हातात वजन असलं की काहींची थरथर दबते, काहींची नाही. मंगल म्हणाली, “आमच्या मॅडमकडं तसलीच पेनं हायेत.” म्हणून स्वारी माझ्यासमोर बसली होती.

मी कागद पुढे केला. त्यांनी नाक मुरडून तेच पारोसं पेन उचललं आणि सही सुरू केली. ‘हौ’ बरा आला. पुढचा ‘सा’ रेघेच्या खाली उतरला. ‘बाई’ कागदावरून घसरत गेली. आडनावापर्यंत पोचायच्या आत त्यांनी पेन ठेवून दिलं.

“बघ. न्हाई जमत.”

“थांबा. पेन रिजेक्ट झालंय, तुम्ही नाही,” मी म्हटलं.

मी त्यांचा हात बघत होते. पेनचं टोपण त्यांनी मागे खोचलं होतं, बहुतेक सगळे खोचतात तसं. धातूचं टोपण मागे लावलं की पेन शेपटाकडे जड होतं आणि हात लिहायचं सोडून शेपूट सावरत बसतो. टोपण काढून लिहायला दिलं. अक्षर लगेच थोडं सरळ झालं. म्हणजे वजन हवं होतं, पण निबेकडे.

दुसरी गोष्ट जाडी. भातलावणीत आयुष्य गेलेली त्यांची बोटं गाठाळलेली होती. बारीक पेन धरायला चिमूट आवळावी लागते आणि चिमूट आवळली की थरथर वाढते. मी पेनवर मास्किंग टेपचे वेढे देत गेले. एक वेढा, लिहा. आणखी दोन, लिहा. एका जाडीला त्यांची बोटं सैलावली. मी व्हर्नियर लावून माप घेतलं.

“ह्ये काय लावलंस?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या बोटांचं माप.”

“पाटल्यांचं घेत्यात, तसं?”

“तसंच.”

त्या पहिल्यांदा हसल्या.

मग प्रश्न आला तांबं की पितळ. दोन्हीत लोक फार गोंधळतात. तांबं पितळेपेक्षा थोडं जड, पण मऊ आणि लेथवर चिकट. कापणाऱ्या टूलला ओढ घेतं. त्यावर पाडलेले आटे, म्हणजे टोपण फिरवून बसवायच्या खाचा, लवकर झिजतात. पितळ म्हणजे तांब्यात जस्त मिसळलेलं. ते टूलखाली सरळ कापलं जातं आणि आटे स्वच्छ पडतात. रोज उघड-मीट करायचं पेन असेल तर मी पितळ सुचवते. हौसाबाईंना मी हे सगळं समजावून सांगितलं.

“पितळंच कर,” त्या म्हणाल्या. “देवापुढची समई पितळंची असती.” माझ्या भाषणाची गरजच नव्हती.

पेन केलं. पुढचा धरायचा भाग भरीव आणि जाड ठेवला, मागची नळी पोकळ. पकडीला आधी नर्लिंग केलं होतं, म्हणजे खरबरीत चौकटी. त्यांच्या पातळ कातडीला ते टोचलं. मंगलनेच माझ्या कानावर घातलं, कारण आई मला सांगायला संकोचत होती. तो भाग टाकून दिला आणि नवा करून त्यावर तीन उथळ खाचा दिल्या. आत जेलची रिफिल घातली. बॉलपेन दाबल्याशिवाय उमटत नाही. जेलचं पेन नुसतं टेकलं तरी लिहितं.

हौसाबाई आल्या तेव्हा मंगलने बफिंगचं चाक बंद केलं आणि येऊन मागे उभी राहिली. त्यांनी पेन धरलं, दोनदा तोललं, श्वास घेतला आणि लिहिलं. हौसाबाई रामभाऊ शेडगे. अक्षर कापत होतं, पण तीनही शब्द एका ओळीत उभे होते आणि कुणालाही वाचता आले असते. मंगल चाकाकडे परत गेली आणि चाक सुरू न करताच बराच वेळ तिथे उभी राहिली.

“झ्याक हाय,” हौसाबाई म्हणाल्या. हे अक्षराबद्दल होतं की पितळेच्या चमकेबद्दल, ते मी विचारलं नाही.

“रोज एक-दोनदा लिहा. सवय होऊ दे,” मी म्हटलं. “आणि नीट ऐका. पेन सुक्या मऊ कापडाने पुसायचं. बस. पाण्यात घालायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, राख तर अजिबात नाही. काळं पडलं तर पडू दे.”

“बरं.”

इतकी वर्षं इन्स्पेक्शन केलेल्या बाईला कळायला हवं होतं, की ‘बरं’ म्हणजे होकार नव्हे.

नोंदणीच्या दिवशी मी पौडला पोचले. दोन साक्षीदार लागतात. एक मी, दुसरे त्यांच्या शेजारचे निवृत्त गुरुजी. बाकी सगळ्यांना आणलं होतं दत्ताने. दत्ता हौसाबाईंचा पुतण्या. त्यांना ज्या भावकीचा धाक होता, तिच्यातलाच. बाजारपेठेत सगळ्यांना ओळखणारा, गोड बोलणारा माणूस. गाडी त्याची असल्यामुळे त्याला नको कोण म्हणणार? काकीला मदत करायला आला होता, की काय होतंय ते बघायला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

नोंदणी कार्यालयाबाहेर वकिलांचं टेबल होतं. कागदांवर आधी तिथे सह्या करायच्या आणि नंबर आला की आत जायचं. हौसाबाईंनी पिशवीतून पेन काढलं. पेन लखलखत होतं. माझ्या बफिंग व्हीलवरही ते इतकं चमकलं नव्हतं.

“मावशी, घासलंत?”

“मंग? येवढं मोठं काम. लेकीला घर द्यायचं ते काय काळ्या पेनानं? चिंच लावली, राख लावली, सकाळी पुन्यांदा घासलं.”

मी टोपण फिरवलं. हललं नाही. आट्यांत चिंच आणि राख वाळून घट्ट बसली होती. मंगलने ओढून बघितलं. दत्ताने दात-ओठ खाऊन जोर लावला आणि कुठूनशी पक्कड मागवायला निघाला. मी पेन त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं. पक्कड लावली असती तर टोपण चेपलं असतं आणि मग ते देवालाही उघडलं नसतं.

“आजी, हे घ्या,” वकिलांनी स्वतःचं प्लास्टिकचं बॉलपेन पुढे केलं. हौसाबाईंनी रद्दी कागदावर सही करून बघितली. नुसत्या रेघोट्या उमटल्या. त्यांनी तो कागद उलटा करून ठेवला.

“काकी, कशाला तरास घेतीस?” दत्ता हळूच म्हणाला. “अंगठा दे अन् मोकळी हो. आता नंबर येईल.”

हौसाबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग माझ्याकडे. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. “माज्याच हातानं घाण केली,” त्या म्हणाल्या. मला त्यांच्यावर रागवायचं होतं. जमलं नाही. जन्मभर जे भांडं मानाचं ते घासून ठेवायचं, हे त्यांच्या हाताला माहीत. त्या हाताला मी एका वाक्यात नको म्हणून सांगितलं होतं.

समोर चहाची टपरी होती, शेजारीच भजी तळत होते. मी भज्याच्या कढईवाल्याकडून चमचाभर तेल घेतलं, टोपण आणि पेन जुळतात त्या फटीत सोडलं. मग एक कडक चहा मागवला आणि टोपणाची बाजू खाली करून पेन त्यात उभं केलं. वकील चष्मा वर करून बघायला लागले.

“धातू तापला की फुगतो,” मी सांगितलं. “टोपण बाहेर आहे, ते आधी तापेल. थोडं फुगलं की आतली पकड सैल होईल.”

“आन् चहा?” दत्ताने विचारलं.

“तुम्ही प्या.”

गरम टोपण मंगलने पदरात धरलं, मी पेन धरलं आणि दोघींनी उलट दिशांना पीळ दिला. करकर आवाज झाला. माझ्या स्वच्छ आट्यांची वाट लागत होती आणि मला त्याचा आनंद होत होता. टोपण सुटलं.

पेन पुसून हौसाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी तोललं, श्वास घेतला आणि पहिल्या पानावर सही केली. तीन शब्द, एका ओळीत.

“छान,” वकील म्हणाले आणि पान उलटलं. “आता इथे. आणि असंच प्रत्येक पानावर, खाली.”

दस्त चांगला जाडजूड होता. माझ्या डोक्यातच हे आलं नव्हतं. मंगलच्याही नाही. हौसाबाईंनी घरी रोज एक-दोनदाच सही गिरवली होती, कारण मी त्यांना तेवढंच सांगितलं होतं. जड पेन थरथर दाबतं, पण हात लवकर थकवतं. भरीव पितळ मी एका सहीच्या हिशोबाने घातलं होतं. आता ते वजन त्यांना पानापानावर उचलायचं होतं.

दुसरं पान झालं. तिसऱ्यावर ‘शेडगे’ घसरलं. चौथ्याच्या मध्यावर पेन बोटांतून निसटून टेबलावर आपटलं.

“आजी, एवढं पुरे,” वकील खरोखर कळवळून म्हणाले. “पहिल्या पानांवर सही आहे. बाकीच्यांवर अंगठा घेऊ. काही बिघडत नाही.”

“बिघडतंय,” हौसाबाई म्हणाल्या. हात मांडीत दाबून त्या दम घेत होत्या. “काही पानांवर सही अन् काहींवर अंगठा? मंग म्हनतील, म्हातारीनं पुढचं वाचलं, मागचं तिला कुनी दाखवलंच न्हाई. मला समदं म्हाईत हाय काय लिवलंय त्ये. समद्यावर करनार.”

मंगल खाली बसली आणि आईचा हात मनगटापासून बोटांपर्यंत चोळायला लागली. माझ्याकडे यावर टूल नव्हतं. लेथ उरवड्यात होता आणि इथे एकच उपाय होता, थांबत थांबत लिहायचं. एक सही, मग हात चोळायचा, मग पुढचं पान. आतून नंबरचा पुकारा झाला, तेव्हा अर्धी पानं बाकी होती.

मी उठणार तेवढ्यात दत्ता उठला. आत गेला. मला वाटलं, झालं, हा आता काहीतरी फाटे फोडणार. थोड्या वेळाने तो बाहेर आला.

“सायबाला सांगितलंय,” तो म्हणाला. “मागचे लोक आधी घ्या म्हटलं. काकी, तू कर सावकाश. कुटं पळून चाललंय हापिस?”

त्याने एक खुर्ची आणली आणि हौसाबाईंचं कोपर टेकेल अशी बाजूला लावली. कोपर टेकलं तशी थरथर आणखी थोडी बसली. हे मला सुचायला हवं होतं. मग तो तिथेच उभा राहिला. एकेक पान उलटलं जाताना बघत होता. मधे एकदा कुणी ओळखीचा त्याला हाक मारून गेला, तर त्याने मान वर केली नाही.

शेवटच्या पानावरची सही सगळ्यात वाईट होती. ‘हौ’चं एक टोक पार समासात गेलं होतं. इन्स्पेक्शनला असते तर मी तो पार्ट हातात धरला नसता. पण तीनही शब्द होते. हौसाबाईंनी पेन खाली ठेवलं आणि बोटं सरळ करायला लागल्या. ती लगेच सरळ होईनात. मला रडू आलं. माझ्या वयाला आणि धंद्याला शोभत नाही, पण आलं.

आत गेल्यावर ऑपरेटरने मशीन पुढे सरकवलं. “आजी, अंगठा ठेवा.”

हौसाबाईंनी हात झटकन मागे घेतला. “आता अन् अंगठा? सह्या केल्यात न्हवं मी!”

“मावशी, हा सगळ्यांचाच घेतात,” मी म्हटलं. “फोटो काढतात तसाच. माझाही घेतील.”

“साक्षीदारांचा पण घेतो, आजी,” ऑपरेटर म्हणाला.

“मंग आधी हिचा घे.”

ऑपरेटरने आमच्याकडे बघितलं, क्रम बाजूला ठेवला आणि मशीन माझ्याकडे वळवलं. डिप्लोमा मेकॅनिकलचा अंगठा आधी उमटला. मग गुरुजींचा. मग हौसाबाईंनी स्वतःचा ठेवला, ताठ मानेने.

पुढच्या पावसाळ्यात भावकीत बांधावरून कुरबुर झाली. देवळापुढे बैठक बसली. भावकीतले एक थोरले म्हणाले, म्हातारीला काय समजतंय, पोरीनं पौडला नेऊन अंगठा उठवून घेतला. मंगल तिथेच होती. ती काही बोलायच्या आत दत्ता उठला. दुसऱ्या दिवशी पेनं पुसता पुसता तिने मला त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

“कुनी सांगितलं अंगठा? मी उभा हुतो तितं. पानापानावर सही हाय काकीची. हात मोडायला आला हुता, तरी करत हुती. आता ह्यावर कुनी बोलायचं न्हाई.”

विषय पुन्हा बांधाकडे वळला.

मी मात्र माझ्या कामात एक बदल केला. पूर्वी गिऱ्हाईक आलं की मी धातू, वजन, जाडी आणि चमक यांवर बोलायचे. आता आधी विचारते, काय लिहायचंय आणि सलग किती पानं? बहुतेक जण गोंधळतात. त्यांना लिहायचं असं काही नसतं, नुसतं पेन हवं असतं.